पाचव्या मजल्याचे शेअर

९ फेब्रुवारी, रविवार

कंपनीची पुस्तिका आली! चौघांकडे एकाच दिवशी, एकाच जाडीची पाकिटं. आज सकाळी चौघेही आपापलं पाकीट मांडीवर घेऊन डॉक्टरांच्या दवाखान्यात बसले होते. न फोडता. निकालाच्या दिवशी पोरं बसतात तसे.

दवाखाना म्हणजे बंद पडलेला. डॉक्टर दातांचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ती खुर्ची काही विकवत नाही त्यांच्याने. आम्ही बाहेरच्या बाकांवर बसतो, जिथे पूर्वी माणसं गाल धरून बसायची. ड्रायव्हरकाका — आयुष्यभर बस चालवली, आता एकाच कानानं ऐकतात — दर रविवारी एकदा तरी म्हणणार, "डॉक्टर, भाव पडला की बसवा आम्हाला आतल्या खुर्चीत. एकदाच काय ते उपटून टाका!"

चौघे म्हणजे डॉक्टर, ड्रायव्हरकाका, शिवणवाली मावशी आणि माझी आत्या. पाचवा मी — माझे शेअर चाळीस. म्हणजे नावाला. हे चौघे त्या कंपनीचे जुने ग्राहक. पैसे कुठे ठेवावेत ते कंपनी लोकांना सांगते. तिनं स्वतःचे शेअर काढले तेव्हा आधी ग्राहकांना विचारलं, आणि यांनी घेतले. सल्ला घ्यायला गेले आणि सल्लागारच विकत घेऊन आले! सगळ्यात जास्त आत्याचे, तिच्या यजमानांनी जाताना मागे ठेवलेले. कंपनी एवढीशी. पाचव्या मजल्यावर तीस माणसं. बाजारात कधीकधी दिवसभरात एक शेअर हलत नाही.

आता एक मोठी कंपनी ही अख्खीच्या अख्खी घ्यायला निघालीय. बाजारात भाव नव्वद, ते देणार एकशे चाळीस. चार मार्चला मतदान. पंच्याहत्तर टक्के 'हो' आलं तर सौदा, एक दाणा कमी पडला तरी नाही.

मावशी नुसती चमकत होती. तिच्या दुकानाचा मालक जागा विकतोय. तिला म्हणालाय, एप्रिलअखेरपर्यंत तू घे, नाहीतर मी दुसरा बघतो. "चोवीस वर्षं दुसऱ्याच्या छपराखाली मशीन चालवली रे बाबा. आता वाटतं, जमेल."

डॉक्टर म्हणाले, "घाई नको. आधी वाचन."

डॉक्टरांचा नियम! मागे कुठल्याशा कंपनीत चौघेही एकदमच बुडाले. कागद सगळ्यांकडे आले होते, पण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं वाचले असतील. तेव्हापासून कागद आला की एकानं मोठ्यानं वाचायचा, पहिल्या पानापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत. बाकीच्यांनी आपलं पाकीट फोडायचंसुद्धा नाही. का, तर घरून मत बनवून येतात. पूर्वी आत्या वाचायची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, खणखणीत आवाज. गेल्या वर्षापासून तिला खोकला, म्हणून मी.

"पुढच्या रविवारी वाचन. आणि विद्वान —" कॉलेज सोडल्यापासून मी विद्वान! "— एक ओळ गाळायची नाही."

१० फेब्रुवारी, सोमवार

पाचवा मजला. लिफ्टला काही झालेलं नव्हतं. तक्रारवहीत "दार घासतं" असं मीच लिहून ठेवलं होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

उस्ताद — ज्याच्या हाताखाली मी लिफ्टदुरुस्ती शिकतो — आज म्हणाला, "शहरात आपल्याकडे साठ लिफ्टा. एकोणसाठ ठणठणीत, आणि ही एकच बघ, सारखी आजारी. काय रे, नाडी बघायला तूच का लागतोस?" वर डोळा मारला. मी पाना आपटला. हसत बसला.

तिच्याबद्दल इथे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. सरांशी भांडायचं नाही असंही ठरवलं होतं कॉलेजात — शेवटी हजेरीचं रजिस्टर खिडकीतून खाली गेलंच. माझ्या ठरवण्याला काय अर्थ आहे!

ती मोठ्या सल्लागारांची सहायक. मोठे सल्लागार म्हणजे टक्कल, पोट, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, आता म्हातारपणाची काळजी नाही. लोक त्यांच्यावर जीव टाकतात. आत्यासुद्धा. ग्राहकांना फोन करणं, वेळा ठरवणं, फायली काढून ठेवणं, हे सगळं ती बघते. दुपारी जिन्यातल्या खिडकीत डबा खाते, कारण आत एसीनं हात गारठतात म्हणे. मी वरच्या मशीनखोलीतून उतरतो तेव्हा बरोबर एक वाजलेला असतो.

आज म्हणाली, "लिफ्टवाले, संपला तुमचा त्रास. सौदा झाला की आमचं ऑफिस हलणार. त्यांचं मुख्य ऑफिस आहे तिकडे. गाडीनं सहा तास."

"सगळे?"

"सगळे."

मग खिडकीबाहेर बघत राहिली. किती वेळ! हातातला घास तसाच. मी दोनदा काहीतरी बोललो, तिला ऐकूच आलं नाही.

तिला जायचं नाहीये. असला चेहरा मला कळतो.

१२ फेब्रुवारी

सौदा होता कामा नये.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी मशीनखोलीत बसून माझ्या पाकिटातली पुस्तिका वाचून काढली. एकशे बारा पानं, एकेचाळीस परिच्छेद. वाचणाऱ्याला आधी वाचायची मुभा आहे, अडखळू नये म्हणून. ऑफिस हलणार ते खरंच आहे, नवव्यात. बाकी सगळं सौद्याचं गुणगान — संचालक मंडळ शिफारस करते, संचालक मंडळाचे मत आहे, संचालक मंडळ अमुक नि तमुक.

आणि चौदावा. उतरवून ठेवतो:

"कंपनीच्या तीन प्रमुख सल्लागारांचे करार ३१ मार्च रोजी संपत आहेत. प्रस्ताव नामंजूर झाल्यास त्यांचे नूतनीकरण होईलच असे नाही. सल्लागार अन्यत्र गेल्यास ग्राहकही त्यांच्यासोबत जाण्याची शक्यता आहे."

धमकी! सरळसरळ धमकी. गुमान हो म्हणा, नाहीतर टक्कल सोडून जाईल. कुठे जाणार आहे पन्नाशीतला माणूस? पण हे ऐकलं की डॉक्टर एका मिनिटात हो म्हणणार. मग मावशी. मग सगळेच.

१६ फेब्रुवारी, रविवार

वाचलं. साडेतीन तास. घसा फाटला.

गाळला.

तेरा संपला, पान उलटलं आणि पंधरा सुरू केला. पण आकडा वाचला चौदा. सोळाला पंधरा, सतराला सोळा — तसंच शेवटपर्यंत, एकदाही न चुकता. एकेचाळिसाचे चाळीस झाले. कुणी मोजले नाहीत. छापखान्याचा पत्ता आला तेव्हा ड्रायव्हरकाका म्हणाले, "आला एकदाचा डेपो!" मावशी सगळा वेळ कुणाच्या तरी ब्लाउजला काज करत होती. डॉक्टर डोळे मिटून ऐकत होते, बोटं पोटावर. आत्या माझ्याकडे बघत होती — मी वाचतो तेव्हा नेहमीच बघते. कौतुकानं.

घरी येताना म्हणाली, "चांगलं वाचलंस."

माझे कान तापले. थंडी असून.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चोरी नाही केली. एक धमकी गाळली. धमकी वाचून दाखवायला मी काय त्यांचा नोकर आहे?

१९ फेब्रुवारी, बुधवार

उस्तादच्या पँटची चेन घेऊन मावशीकडे गेलो. मुद्दाम नाही गेलो, खरंच तुटली होती.

दुकानाचा ती कोपरान्‌कोपरा टेपनं मोजत होती. मला टेपचं एक टोक धरायला लावलं. "इथे कपाट. इथे आरसा, माणूसभर उंच. मालकानं आजवर भिंतीत एक खिळा ठोकू दिला नाही रे! कपडे बदलायचा पडदा मी दोरीनं खिडकीला बांधलाय, चोवीस वर्षं. गिऱ्हाईक आत असलं की खिडकी उघडता येत नाही." मग हसली. "पहिला खिळा तुझ्या हातानं. चालेल?"

चालेल म्हणालो.

टेप हातातून सुटून तिच्या बोटावर आपटली. "लक्ष कुठे आहे तुझं?" म्हणाली.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज ठरलं. नाही म्हणायचं.

मी नीट तयारी करून गेलो होतो. आठ वर्षं फी वाढतेय, डोक्यावर कर्ज नाही, बँकेत पैसा पडून आहे — यातलं काहीही खोटं नाही. "दीडपट भाव द्यायला ते वेडे आहेत का? त्यांना काहीतरी दिसतंय. जे त्यांना दिसतंय ते आपल्याकडे आहे. मग आपण का सोडायचं?"

डॉक्टर : "हातातलं सोडून पळत्याच्या मागे लागायचं वय नाही माझं."

मी : "डॉक्टर, हे तुमच्या हातातलंच आहे. तेच सोडू नका म्हणतोय."

डॉक्टर : "दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं कुणी? की तेही हातातलंच होतं?"

झालं! उठलो मी. काय काय बोललो — आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं उघडी करून बसलात, आता स्वतःचं बंद ठेवा, असलं काहीतरी. ड्रायव्हरकाकांनी मध्ये हात घातला. "अरे, हॉर्न वाजवून रस्ता मोकळा होतो का? बस खाली." बसलो. डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला होता. सॉरी म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही.

मावशीनं विचारलं, "माझी मुदत एप्रिलची आहे रे. माझं काय?"

मी म्हणालो, "मावशी, असं नेहमी होतं. पहिल्यांदा नाही म्हटलं की महिनाभरात ते भाव वाढवून परत येतात. तुझं दुकान होऊन वर शिल्लक राहील."

"खरं?"

"खरं."

नेहमी होतं. कुठे होतं? कुठेतरी वाचलं होतं. एकदा.

मग आत्या म्हणाली, "मी नाही म्हणणार आहे." एवढंच. कारण नाही, काही नाही. पण सगळ्यात जास्त शेअर तिचे, आणि ती कधी उगाच बोलत नाही. ड्रायव्हरकाका म्हणाले, मग मीही. मावशी म्हणाली, ताई म्हणतायत तर... डॉक्टर म्हणाले, "मला एकट्याला कुठे जायचंय? पण लिहून ठेवा, मला पटलेलं नाही."

आत्याचा माझ्यावर एवढा विश्वास! येताना सबंध रस्ताभर मला रडू येत होतं.

४ मार्च, मंगळवार

पडला! प्रस्ताव पडला!

हवे होते पंच्याहत्तर, मिळाले त्र्याहत्तर पूर्णांक नऊ. आमच्या चौघांचे मिळून दोन टक्के. म्हणजे आम्हीच पाडला! त्यातही एकट्या आत्याचे एक पूर्णांक दोन. बाकी कुणी काही म्हटलं असतं, नुसती आत्या जरी 'हो' म्हणाली असती तरी काटा पंच्याहत्तरच्या पुढे गेला असता. कागदावर तीनदा बेरीज केली. एका म्हातारीनं — आणि मी — एवढी मोठी कंपनी परत पाठवली!

ती राहणार. इथेच, पाचव्या मजल्यावर, जिन्याच्या खिडकीत.

५ मार्च

भाव नव्वदवरून एकाहत्तर. होतं असं. सावरेल.

६ मार्च, गुरुवार

एक वाजता भेटली. मी म्हणालो, "सुटलात! जावं लागलं नाही."

डबा पुसत होती. म्हणाली, "हं."

"ऑफिसात आनंद असेल?"

"मोठ्या सरांचं दार बंद असतं सारखं. मीटिंगा." मग हसली, थोडंसं. "तुमची लिफ्ट बरीच बरी दिसते हल्ली."

दमली असेल.

१५ मार्च

रस्त्यात मावशी. "आले का रे परत ते, भाव वाढवून?"

"येतील."

२३ मार्च, रविवार

आज वाचायला काही नव्हतं. तरी जमले. भाव अडुसष्ट. डॉक्टर माझ्याशी बोलत नाहीत, भिंतीवरच्या दाताच्या चित्राशी बोलतात — "काही लोकांना वाटतं, अजून थांबावं." ड्रायव्हरकाका म्हणाले, "इंजिन बंद नाही पडलं अजून. चढ आहे." मावशी आज काही शिवत नव्हती. नुसती बसली होती, हात मांडीवर. तिला नुसतं बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

उठताना म्हणाली, "मालकाकडे दुसरा माणूस येऊन गेला. मोजून गेला."

२८ मार्च

येतील. अजून महिना आहे.

१ एप्रिल, मंगळवार

आज लिफ्टची तक्रार खरी होती. वजन जास्त झालं म्हणून बोंबलत होती. वर गेलो तर पाचव्या मजल्यावर दारात खोकी. कुंड्या, फोटोच्या चौकटी, कप. मोठे सल्लागार, बाकीचे दोघे, आणि त्यांच्या सहायक. करार काल संपले. उद्यापासून सगळे त्या मोठ्या कंपनीत! ऑफिस नाही विकलं गेलं, मग माणसंच उचलली. त्यांना पाचव्या मजल्यावरून हवं होतं तरी काय? खुर्च्या? ती तीन डोकी हवी होती, आणि त्यांच्यामागून येणारे ग्राहक. आता फुकट मिळाली.

चौदा. अक्षरन्‌अक्षर चौदा.

ती शेवटच्या खेपेला. हातात एक खोकं. आम्ही दोघेच. दार लागलं.

"तू पण?" — तोंडातून 'तू' गेलं.

"मीच पहिल्यांदा हो म्हणाले. मागच्या आठवड्यात जाऊन खोली बघून आले. छोटीशी आहे, पण माझी एकटीची. घरी आम्ही पाच जणं दोन खोल्यांत, तुम्हाला काय सांगू..."

"पण तुला जायचं नव्हतं!"

"कुणी सांगितलं?"

किल्ली फिरवली मी. तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबली. दिवा गेला, छोटा दिवा लागला. आणि मी बोलत सुटलो — आत्या, मतदान, दोन टक्के, मी कसं वाचलं, सगळ्यांना कसं वळवलं. "तुझ्यासाठी पाडला सौदा! तुझ्यासाठी!"

ती भिंतीला चिकटली होती. खोकं पोटाशी घट्ट. हळू आवाजात म्हणाली, "आधी लिफ्ट चालू करा."

"ऐक तरी —"

"चालू करा. मग बोला."

केली. तळमजला आला, दार उघडलं. आधी ती बाहेर गेली, चार पावलं लांब. मग वळली. "सौदा झाला असता तर जायचा खर्च, राहायचा खर्च कंपनी देणार होती. आता सगळं माझ्या खिशातून. महिनाभर ऑफिसात कुणाला झोप नव्हती, काय होतंय म्हणून. एकदा विचारायचं तरी. रोज एक वाजता येत होतात ना?"

गेली.

तिचे हात कापत होते. एसीनं नाही. माझ्यामुळे. ती मला घाबरली होती. हे लिहून ठेवतो. खोडणार नाही.

२ एप्रिल

तिनं उस्तादकडे तक्रार केलेली नाही. केली असती तर बरं झालं असतं.

३ एप्रिल, गुरुवार

भाव सव्वीस. तोसुद्धा पाटीवर. घेणारा कुणीच नाही. निम्मे ग्राहक गेले म्हणतात, उरलेले निघालेत. आत्याला मोठ्या सल्लागारांचा फोन आला — ताई, तुमचं खातं तिकडे हलवू का? ती म्हणाली, विचार करून सांगते. फोन ठेवला आणि भाजी निवडायला बसली.

६ एप्रिल, रविवार

क्रमानं लिहितो. जसं झालं तसं.

सगळे आले होते. ड्रायव्हरकाकांनीसुद्धा खुर्चीचा विनोद केला नाही. डॉक्टर आज पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले. शांतपणे. "करार संपणार होते हे त्यांना माहीत असणार. पुस्तिकेत यातलं काही होतं का रे?"

मी म्हणालो, "नाही."

डॉक्टर उठले. आत गेले. कपाटातून आपलं पाकीट आणलं, अजून चिकटवलेलं. नियम पाळला होता त्यांनी. दात साफ करायच्या आकडीनं ते कडेनं सावकाश फोडलं, चष्मा पुसला, आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मधलं पान उघडलं नाही, शोधलं नाही. पहिल्या पानापासून! तास होऊन गेला. कुणी हललं नाही. दार उघडंच होतं, मला पळता आलं असतं. प्रत्येक परिच्छेदाला ते आकडा आधी वाचत — अकरा. बारा. तेरा.

तेरा संपला तेव्हा मी म्हणालो, "पुढचा मी वाचतो."

त्यांनी पुस्तिका माझ्या हातात दिली. मी चौदावा वाचला. पूर्ण.

ड्रायव्हरकाकांनी चांगला कान पलीकडे वळवला. मुद्दाम.

मावशी म्हणाली, "माझ्या हाताखालची पोरगी एखादी टीप सोडते, तर मी तिला उसवायला लावते. आणि पुन्हा घालायला लावते. हे कुठून उसवू रे?" ओरडली नाही. ओरडायला हवं होतं. पिशवी उचलली आणि गेली. भाव सव्वीसवर आल्यावर तिनंच मालकाला जमत नाही म्हणून कळवलं, आणि त्याचा सौदा शुक्रवारी झाला. तेही तिनं सांगितलं नाही, डॉक्टरांनी सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "दवाखान्याची किल्ली." वाचन माझ्याकडे आल्यापासून एक माझ्याजवळ असायची. दिली.

"का केलंस?" त्यांनी विचारलं. मी काय सांगणार? पाचवा मजला म्हणून?

आत्या काही बोलली नाही. तिथेही नाही, रस्त्यातही नाही. फक्त एकदा, "सावकाश चाल. दम लागतोय मला."

७ एप्रिल, सोमवार

इथे राहून करू काय? बुधवारची गाडी, संध्याकाळी सहाची. लिफ्टा तिकडेही आहेत. उस्तादला सांगितलं. म्हणाला, "तिथेही एकच आजारी असेल." मी चिडलो नाही. चिडायलाही काही उरलं नाही.

तिला भेटायला नाही जात. लांबून बघायला जातोय. नाही, खोटं. भेटायलाच.

९ एप्रिल, बुधवार

बॅग दाराशी. आत्यापुढे बसलो. म्हटलं, बाकी कुणाला नाही तरी तुला सांगून जातो — मी फसवलं तुला.

म्हणाली, "मला कसला फसवतोस? पाकीट मांडीवर घेऊन बसलो होतो ना, त्याच दुपारी घरी येऊन फोडून वाचलं मी. चौदावा दोनदा वाचला. तू गाळलास तेव्हा कळलं मला."

"मग नाही का म्हणालीस?"

"उठता-बसता पाचवा मजला, पाचवा मजला. न कळायला मी बहिरी आहे? हो म्हटलं असतं तर ऑफिस नक्की गेलं असतं. ते गेलं की ती, आणि ती गेली की तू. नाही म्हटलं तर काय, तर त्यात लिहिलं होतं — शक्यता आहे. नक्कीपेक्षा मी शक्यता घेतली."

"आणि मावशी?"

तिनं बॅगेकडे बघितलं. मग म्हणाली, "चार मार्चपासून मी तिच्या दुकानावरून जात नाही. मागच्या गल्लीनं येते."